एकाच्या जागी दोघं

जुन्या बँडचा नवा अल्बम येतोय म्हटल्यावर जुन्या चाहत्यांना आधी आनंद होत असेल, असं तुम्हाला वाटेल. आधी भीती वाटते. ज्या आवाजासोबत आपण मोठे झालो तो थकलेला निघाला तर? किंवा त्याहून वाईट म्हणजे, आवाज तसाच असला आणि आपणच बदललो असलो तर?

स्वीडनचा ‘आबा’ हा बँड २०२१ मध्ये ‘व्हॉयेज’ घेऊन आला, तो चाळीस वर्षांनी. पण तिथे निदान चौघंही तेच होते. सत्तरी गाठलेले का असेना, तेच. ‘इंडियन ओशन’चं तसं नाही. २०२३ मध्ये त्यांचा ‘तू है’ आला, तेव्हा १९९० साली दिल्लीत ज्या दोघांनी हा बँड उभा केला त्यांतला एकही त्यात नव्हता. असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ ला गेला. सुस्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडला.

मग हा तोच बँड का?

हा प्रश्न माझा नाही, दादाचा आहे. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. राहतो आर्णी तालुक्यातल्या आमच्या मामांच्या गावी. पऱ्हाटी, तूर आणि विहिरीच्या पाण्यावर थोडा गहू-हरभरा करतो. या बँडवरून आम्ही दोघं तेरा वर्षं भांडलो. त्या भांडणात बँड किती होता आणि बाकीचं किती होतं, ते मला आत्ता आत्ता कळायला लागलंय.

•

२००१ च्या आसपास दादा नागपूरला शिकत होता. तिथून सुट्टीत येताना त्याने एक कॅसेट आणली. ‘कांदिसा’. मी अकरा वर्षांचा. कॅसेट म्हणजे सिनेमाची किंवा भजनाची, एवढंच मला माहीत. ही दोन्हींतली नव्हती. गाणं सुरू होऊन दोन-दोन मिनिटं झाली तरी कुणी गायलाच तयार नाही. नुसती गिटार आणि तबला. मग मधूनच एक जाड, मोकळा आवाज यायचा आणि अंगावर काटा यायचा.

ती कॅसेट आम्ही घरी कमी आणि शेतात जास्त ऐकली. आमच्याकडे शेतीची वीज बहुतेक रात्रीची. म्हणजे ओलित रात्रीच करायचं. शिवाय रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून जागलीला जायचं ते वेगळंच. दादा मोठ्या सेलवर चालणारा टेप खांद्याला अडकवून निघायचा, मी मागे बॅटरी घेऊन. एका वाफ्यात पाणी सोडलं की ते भरेस्तोवर एक गाणं व्हायचं. या बँडची गाणी लांबलचक असतात, त्यामुळे हिशेब बरोबर जमायचा. दादा म्हणायचा, “हे गाणं ओलितासाठीच बनवलं बे यायनं.”

‘कांदिसा’ २००० साली आलेला अल्बम. त्यात काय काय आहे, हे आम्हाला तेव्हा अर्धंही ठाऊक नव्हतं. शीर्षकगीत हे केरळातल्या सिरियन ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेतलं, अरामी भाषेच्या घराण्यातलं. मामींना तो कुठला तरी मंत्र वाटायचा आणि तसं पाहिलं तर त्या चुकीच्या नव्हत्या. ‘हिल्ले ले’ हे भोजपुरी गाणं कवी गोरख पांडेय यांचं. आणि ‘मा रेवा’ नर्मदेचं. बँडचा बास गिटारवाला राहुल राम हा अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातल्या विषद्रव्यांवर डॉक्टरेट करून आलेला माणूस. तो नर्मदा बचाव आंदोलनात काही काळ राहिला आणि तिथून हे गाणं सोबत घेऊन आला.

हे सगळं पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळलं होतं की हे लोक नदीविषयी गातात आणि ते आपल्याला कळतं. आमच्या भागात नर्मदा नाही, अरुणावती आणि पैनगंगा आहेत. पैनगंगेवरच्या मोठ्या धरणाला काठच्या गावांचा विरोध मी लहानपणापासून ऐकत आलो. बुडणार, नाही बुडणार, मोबदला मिळणार, नाही मिळणार. अशा गावात ‘मा रेवा’ वाजलं की म्हातारी माणसं थबकायची. एका आजोबांनी दादाला विचारलं होतं, “कोन्या मंडळाचं भजन हाय हे?”

त्यांचा प्रश्न मला आजही योग्यच वाटतो.

•

आता मंडळाबद्दल सांगायला हवं.

आमचे मामा गावातल्या भजनी मंडळाचे मुख्य गायक. आमच्याकडची भजनं म्हणजे बहुतेक राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची, खंजिरीवरची. खंजिरी हे वाद्य ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: एका तळहाताएवढं चामड्याचं गोल वाद्य, कडेला छोट्या झांजा. एका हातात धरायचं, दुसऱ्या हाताने वाजवायचं. कठीण भाग पुढेच आहे. जो वाजवतो तोच गातो. हात एक लय चालवतात आणि गळा दुसरीच. मामांना हे सहज जमायचं. गळा वर चढवताना ते खंजिरी कपाळापर्यंत न्यायचे आणि समेवर गुडघ्यापाशी आणून सोडायचे.

‘इंडियन ओशन’ दादाने पहिल्यांदा पाहिलं ते एका मित्राकडच्या टीव्हीवर. तोवर आम्ही फक्त ऐकत होतो. स्टेजवर मांडी घालून बसलेला, तबला वाजवता वाजवता गाणारा जाडजूड माणूस म्हणजे असीम चक्रवर्ती. दादा घरी आला आणि मामांनाच म्हणाला, “बाबा, तो तं तुमच्यासारखा हाय. वाजवते बी थोच अन् गाते बी थोच.”

मामांनी मग ती कॅसेट एकदा नीट बसून ऐकली. एक बाजू पूर्ण. शेवटी म्हणाले, “तबल्यावाला गाते म्हनूनच लय सुटत नाई. नाईतं येवढं लांब गानं सांडलं असतं.” बँडविषयी मी पुढे इंग्रजीत, हिंदीत बरंच वाचलं. यापेक्षा नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही.

•

२००७ मध्ये ‘ब्लॅक फ्रायडे’ प्रदर्शित झाला आणि त्यातल्या ‘बंदे’ या गाण्यामुळे अख्ख्या देशाला बँड कळला. दादाला ते फारसं आवडलं नाही. आपली वस्तू सगळ्यांनी हाताळावी तसं वाटलं असेल. तोवर तो गावी परत आला होता आणि शेती करत होता. ती वर्षं विदर्भात बरी नव्हती. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्याच्या बातम्या आम्ही रोज वाचत होतो आणि त्याच पानावर आत्महत्येच्याही. दादाची शेती तेव्हा जेमतेम तरंगत होती. टेप मात्र चालू होता.

मग २००९ चा डिसेंबर. असीम गेल्याची बातमी आमच्यापर्यंत तीन-चार दिवसांनी पोचली. दादा काही बोलला नाही.

मी तेव्हा यवतमाळला कॉलेजात होतो. २०१० च्या जुलैपासून बँडने एक वेगळीच गोष्ट सुरू केली. नव्या अल्बमचं एकेक गाणं दर महिन्याला आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवायचं. अल्बमचं नाव ‘१६/३३० खजूर रोड’. दिल्लीच्या करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात ते वर्षानुवर्षं तालीम करायचे त्याचा हा पत्ता. आणि या गाण्यांत असीमचा आवाज होता, जाण्याआधी ध्वनिमुद्रित केलेला.

म्हणजे गेलेला माणूस दर महिन्याला एक गाणं पाठवत होता.

मी दत्त चौकातल्या सायबर कॅफेत जायचो. एक गाणं उतरायला कधी पाऊण तास लागायचा. ते पेन ड्राइव्हवर घ्यायचं, मेमरी कार्डात टाकायचं आणि शनिवारी एसटीने मामांच्या गावी. दादा गाणं एकदाच ऐकायचा, पुन्हा लावायचा नाही. सात महिने, सात गाणी. सातव्यानंतर म्हणाला, “झालं. आता नको आनू.”

त्याच ऑगस्टमध्ये ‘पीपली लाइव्ह’ आला होता. शेतकऱ्याच्या आत्महत्येवरचा विनोदी सिनेमा, आणि त्यात याच बँडचं ‘देस मेरा’. विदर्भात त्यावर नाराजीही उमटली होती. मी यवतमाळला पाहून आलो आणि मला तो प्रामाणिक वाटला. दादाला मी म्हटलं, “चल ना, तुझ्या बँडचं गाणं आहे.” तो म्हणाला, “गानं आयकीन. बाकीचं मले पाहाची गरज नाई.” त्यावर मी काही बोललो नाही. आमच्या गल्लीत एक घर तसं होतं.

•

२०१२ मध्ये मामा गेले. दोन महिन्यांचं आजारपण.

तेराव्यानंतरच्या गुरुवारी मंडळ जमलं. पेटी होती, टाळ होते, माणसंही होती. खंजिरी मामांच्या जागेवर ठेवलेली. कुणी हात लावेना. सगळ्यांनी दादाकडे पाहिलं, कारण तो लहानपणापासून मामांशेजारी बसून पेटी वाजवायचा आणि त्याला सगळी भजनं पाठ होती. दादा उठून बाहेर गेला. नंतर मला म्हणाला, “आवाज गेला, मंडळ गेलं. उगा कायले ओढाचं?”

पुढच्या वर्षी सुस्मित सेनने बँड सोडल्याची बातमी आली. मी ती त्याला फोनवर सांगितली. त्याने तेच वाक्य थोडं फिरवून सांगितलं. “आता नावच उरलं बे. दुकानाची पाटी राह्यते, मालक बदलते, तसं.”

२०१४ मध्ये ‘तांदानू’ आला. दादाने ऐकला नाही. २०१५ मध्ये ‘मसान’ आला, आणि त्यातलं रेल्वेच्या पुलाचं ते गाणं. ते तुमच्या फोनमध्ये असणारच. शब्द वरुण ग्रोव्हरचे, मुखड्याचं बीज दुष्यंत कुमारच्या शेरातलं, गळा स्वानंद किरकिरेंचा आणि संगीत ‘इंडियन ओशन’चं. ज्या पिढीला बँडचं नावही माहीत नव्हतं तिने त्या गाण्यावर प्रेम केलं. मला ऐकताना आमची शकुंतला आठवायची. इंग्रजांच्या काळात कापूस वाहायला टाकलेली, यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी चिमुकली रेल्वे. तीही बंद पडली. मी गाणं दादाला पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही.

मी नोकरीला पुण्यात आलो. आमचं बोलणं हळूहळू पिकापाण्यावर आणि लग्नकार्यावर आलं. २०१७ मध्ये आधी फवारणीतल्या विषबाधेने जिल्ह्यात माणसं गेली, मग गुलाबी बोंडअळी आली. त्या वर्षी मी रोज फोन करायचो. गाण्याचा विषय काढायची सोय नव्हती.

•

२०२३ मध्ये ‘तू है’ आला, ‘तांदानू’नंतर नऊ वर्षांनी. मी पहिल्यांदा ऐकला तो पुण्याच्या बसमध्ये, कानात इअरफोन घालून. खरं सांगायचं तर मी जुना आवाज शोधत होतो. प्रत्येक गाण्यात वाटायचं, आता असीम येईल. तो येत नव्हता. दुसऱ्यांदा ऐकल्यावर मी वाट पाहणं थांबवलं आणि मग गाणी ऐकू यायला लागली. घाई नसणं तसंच होतं. एक लय पकडून तिच्यावर निवांत बसून राहायचं आणि मग सगळ्यांनी मिळून उठायचं, ते तसंच होतं. माणसं वेगळी, पण बसण्या-उठण्याची रीत तीच.

लिंक दादाला पाठवली. नेहमीसारख्या दोन निळ्या टिका.

दिवाळीला गावी गेलो. कापूस वेचणीचे दिवस. शेतात पोचलो तर दादा धुऱ्यावर बसलेला, फोन डब्याच्या झाकणात उभा केलेला, म्हणजे आवाज मोठा येतो. वाजत होतं ‘तांदानू’. नवा अल्बम संपला की फोन आपोआप पुढचं लावतो, तसं ते लागलं होतं आणि त्याने बंद केलं नव्हतं. जिओ आल्यापासून शेतात नेटवर्क घरापेक्षा बरं.

‘तांदानू’मध्ये पाहुणे बरेच आहेत. शुभा मुद्गल आहेत, शंकर महादेवन आहेत, विशाल ददलानी आहे, विश्वमोहन भट्ट आहेत. आणि सेल्वागणेश आहे, जो कर्नाटक संगीतातली खंजिरी वाजवतो. तिथे तिला कंजिरा म्हणतात. मी हे सांगितलं तसा दादा हसला. म्हणाला, “मले मालूम हाय. तीन दिवसापासून आयकून राह्यलो.”

मग त्याने एक गोष्ट विचारली. “तो असीम गेल्यावर तबल्यावर कोन आलं?”

“तुहीन चक्रवर्ती.”

“अन् गायले?”

“हिमांशू जोशी. आणि राहुल राम, अमित किलम गातातच.”

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हंजे एकाच्या जागी दोघं लागले.”

मी या गोष्टीचा असा विचार केलाच नव्हता. मी बँडविषयी इतकं वाचलं, कोण कधी आलं, कोण कधी गेलं, सगळं पाठ. पण हा साधा हिशेब माझ्या नजरेतून सुटला होता. असीम गात वाजवायचा. त्याच्यासारखा दुसरा शोधायच्या फंदात ते पडले नाहीत. ती जागा त्यांनी दोन माणसांना वाटून दिली. एकाने तबला घ्यावा, एकाने गळा. त्याच्यासारखं कुणी होणार नाही, हे आधी मान्य केलं आणि मग पुढे गेले.

दादा म्हणाला, “मी आतावरी काय समजत होतो, का हे लोक थ्याच्या जागेवर कोनाले बसवून राह्यले. बसवलंच नाई. जागाच मोडून नवीन मांडली.”

•

मी पुण्याला परतलो. पुढचं मला मामींकडून फोनवर तुकड्यातुकड्याने कळलं.

दादाने खंजिरी काढून तिला नवं चामडं बसवून आणलं. गावातल्या दोन पोरांना गुरुवारी घरी बोलवायला लागला. एक नववीतली मुलगी, तिचा गळा स्वच्छ आहे. दुसरा तिचाच चुलतभाऊ, तो आधी डीजेच्या गाडीमागे नाचायचा. खंजिरी त्याच्याकडे, गाणं तिच्याकडे. दोघं अजून एकमेकांना धरून चालत नाहीत. ती पुढे पळते, तो मागे राहतो. पेटीवर दादा. तो स्वतः गात नाही, अजूनही नाही. मधल्या ओळी सगळे म्हणतात तेव्हा त्याचेही ओठ हलतात, असं मामी सांगतात. मंडळातल्या एका म्हाताऱ्यांना हे आवडलं नाही. खंजिरी वाजवणाऱ्यानेच गायला पाहिजे, अशी रीत आहे, ते म्हणतात आणि गुरुवारी येत नाहीत. त्यांचंही चूक नाही.

तुकडोजी महाराज १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये गेले. दर वर्षी पुण्यतिथीला मोझरीच्या गुरुकुंजात लाखो माणसं जमतात, संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळी एकदम मौन धरतात. मग भजनं पुन्हा सुरू होतात. त्या गर्दीत महाराजांचा आवाज प्रत्यक्ष ऐकलेली माणसं आता किती उरली असतील? तरी विदर्भातल्या गावागावांत खंजिरी वाजते. हे मी लहानपणापासून पाहत आलो, पण याला ‘बँड’च्या प्रश्नाचं उत्तर म्हणून पाहायला मला दिल्लीचा बँड लागला. आणि दादालाही.

म्हणून ‘हा तोच बँड का’ हा प्रश्न मी आता कुणाला विचारत नाही. सुस्मितची गिटार मला आजही हवीशी वाटते. त्याच्या जागी आलेला निखिल राव वेगळं वाजवतो आणि काही रात्री मला ते वेगळेपण खुपतं. असीमचा आवाज ‘तू है’मध्ये नाही आणि तो नसणं ऐकू येतं. ते ऐकू यायलाच पाहिजे. न जाणवेल इतकी बेमालूम भर घातली असती, तर मला वाटतं दादाने फोन तेव्हाच बंद केला असता.

तुमच्यापैकी ज्यांनी या बँडचं फक्त ‘मसान’ ऐकलंय त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: ‘कांदिसा’पासून सुरू करा, पण मोबाईलच्या स्पीकरवर नको. रात्री ऐका. मग ‘झिनी’, तो २००३ चा, त्यात कबीर आहे. मग ‘१६/३३० खजूर रोड’, आणि त्यातली गाणी एका दमात संपवू नका, महिन्याला एक नाही तरी दिवसाला एक ऐका. ‘तू है’ सगळ्यात शेवटी. क्रम चुकला तरी बिघडत नाही, पण मधली शांतता ऐकली की नंतरचा आवाज जास्त कळतो.

गेल्या आठवड्यात दादाचा मेसेज आला. गाण्याच्या विषयावर त्याने आपणहून पाठवलेला इतक्या वर्षांतला पहिलाच. आधी तुरीच्या शेंगांचा फोटो. त्याखाली एकच ओळ.

“पुढचा कवा येते म्हने यायचा?”